सूतगिरणीचं फ्लिप क्लॉक पुन्हा सुरू करताना: कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी

धुळ्याच्या एका भंगारवाल्याकडे पडून असलेलं फ्लिप क्लॉक, म्हणजे आकड्यांची पाती एकेक करून पडत वेळ दाखवणारं घड्याळ, आज जळगावला घरी आणलं. १,८०० रुपये मोजले. किलोच्या भावानं हे बरेच जास्त होतात, पण मागचं झाकण उघडून पाहिलं तर मोटर, गिअर आणि दोन्ही ड्रम जागेवर होते, म्हणून फार घासाघीस केली नाही. अशा घड्याळांच्या कॉइलमधलं तांबं काढून घेतात आणि बाकीचं पत्र्याच्या ढिगात जातं. हे वाचलं याचंच बरं वाटलं.

एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात ते लावलेलं होतं. पत्र्याची काळी पेटी, समोर काच, दोन खिडक्या. डावीकडे तासांची २४ पाती, उजवीकडे मिनिटांची ६०. काळ्यावर पांढरे इंग्रजी आकडे, उंची साधारण ९ सेंटिमीटर. कंपनीच्या नावाची पट्टी कोणीतरी उखडून नेली आहे. मागे दोनच स्क्रूंचं टर्मिनल आणि वर २४ व्होल्टचा शिक्का.

ज्यांच्या हाती असं घड्याळ लागलं असेल त्यांनी आधी हे पाहावं. दोनच टर्मिनल आणि २४ व्होल्ट असले, तर हे घड्याळ स्वतः वेळ मोजत नाही. गिरणीत एक मास्टर क्लॉक असायचं. ते दर मिनिटाला एक पल्स, म्हणजे विजेचा क्षणभराचा झटका, सोडायचं आणि त्या तारेवरची सगळी घड्याळं एकेक मिनिट पुढे जायची. कारखाने आणि मोठी रेल्वे स्टेशनं अशीच चालत. मास्टर गेलं की बाकीची जागच्या जागी थांबली. २३० व्होल्टवर चालणारी, सिंक्रोनस मोटरची फ्लिप क्लॉक वेगळी. ती विजेच्या ५० हर्ट्झवर वेळ मोजतात, त्यांना या नोंदींचा उपयोग नाही.

कामाचा नियम आजच ठरवला. मूळ यंत्रणा काढायची नाही. बरेच लोक जुनी मोटर काढून नवी स्टेपर मोटर बसवतात. मला ते पटत नाही. त्या मोटरनं गिरणीच्या तिन्ही पाळ्या सांभाळल्या आहेत, तिच्यात काही खोट नाही. तिला पल्स देणारं कोणी उरलेलं नाही, एवढीच अडचण आहे. नवं सर्किट मास्टरच्या जागी येईल. बाकी सगळं जसंच्या तसं.

४ फेब्रुवारी

कॉइल मोजली, २४० ओहम. म्हणजे २४ व्होल्टला १०० मिलीअँपिअर. कॉइल शाबूत आहे यानं जीव भांड्यात पडला, कारण ती जळलेली असती तर गुंडाळून घ्यावी लागली असती.

टेबलावरच्या पॉवर सप्लायनं २४ व्होल्ट दिले. खट्ट करून एक पातं पडलं. पुन्हा दिले, काही नाही. कितीही वेळा द्या, ढिम्म. मोटर अडकली असं समजून गिअर काढायच्या बेतात होतो, तेवढ्यात शेजारचे आबा आले. भुसावळला रेल्वेच्या टेलिकॉम विभागात त्यांची नोकरी झाली. त्यांनी नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "अरे भो, एकाच बाजूनं करंट देऊ राह्यला तू, तर ते एकदाच हालीन ना. वायरी उलट्या कर."

उलट्या केल्या, पडलं. परत सुलट्या केल्या, पडलं.

या मोटरच्या रोटरमध्ये कायम चुंबक असतो. प्लस पल्सनं तो एका बाजूला वळून थांबतो, मायनस पल्सनं दुसऱ्या. आहे त्याच दिशेची पल्स पुन्हा दिली तर तो वळलेलाच असतो, म्हणून काही होत नाही. प्रत्येक मिनिटाला दिशा बदललीच पाहिजे. हे डोक्यात पक्कं बसवा, पुढची सगळी भानगड आणि सगळी सोयसुद्धा यातूनच निघते.

११ फेब्रुवारी

साफसफाई. पात्यांच्या दोन्ही टोकांना बारीक कान असतात, ते ड्रमच्या चकतीतल्या भोकांत फिरतात. भिंगाखाली पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक कानाभोवती कापसाचा तंतू गुंडाळलेला. वर्षानुवर्षं गिरणीच्या हवेत उडणारा कापूस तिथे जाऊन बसला आणि कोणीतरी वरून तेल सोडलं, त्याचा काळा चिकट दोरा झाला. मिनिटांचं एक पातं तर पडताना मध्येच थांबून, मग सावकाश खाली येत होतं.

प्रत्येक तंतू शिवणाच्या सुईनं आणि चिमट्यानं सोडवला. त्याला पूर्ण रविवार गेला आणि पुढच्या आठवड्याच्या संध्याकाळीही गेल्या. यात घाई करून चालत नाही, कान मोडला की पातं गेलं.

आकडे पुसायला आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं होतं. तासांच्या ०८च्या पात्याच्या कोपऱ्यावर लावून पाहिलं तर बोळ्यावर पांढरी शाई आली. म्हणून बाकी सगळी पाती भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यानं, मऊ ब्रशनं पुसली. कानांना तेल अजिबात दिलं नाही. ती कोरडीच फिरायला हवीत, तेल दिलं की धूळ आलीच. गिअरच्या बेअरिंगला मात्र घड्याळाचं तेल, सुईच्या टोकावर येईल एवढंच. मशीनचं किंवा खोबऱ्याचं तेल नको.

२५ फेब्रुवारी

मिनिटांची ३७ आणि ५२ ही पाती नाहीत. ३७चं पातं नसलं की काय होतं ते मुद्दाम पाहिलं. ३६ वरून पुढे गेलं की खालचा अर्धा भाग ३७चा येतो, पण वर थेट ३८चं अर्धं दिसतं. पुढच्या मिनिटाला तिथे पडायला पातंच नसतं, त्यामुळे चित्र तसंच राहतं. एका पात्याच्या पुढच्या बाजूला एका आकड्याचा वरचा अर्धा आणि मागच्या बाजूला पुढच्या आकड्याचा खालचा अर्धा असतो. म्हणून एक पातं हरवलं की दोन मिनिटं बिघडतात.

जुनं पातं व्हर्निअरनं मोजलं, ०.३५ मिलिमीटर. पीव्हीसी आयकार्डाची ०.३ची शीट मिळाली. आकडे जवळच्या पात्यांवरून स्कॅन केले, ३ घेतला ३६चा, ७ घेतला २७चा, असे जोडून चित्र तयार केलं. कुठलातरी तयार फाँट लावू नका, जुन्या ७चा दांडा किंचित वाकडा आहे, बाजूला ठेवला की फरक लगेच कळतो.

छपाई एमआयडीसीतल्या स्क्रीन प्रिंटरकडे केली. दोनच पात्यांसाठी स्क्रीन करायला तो नाखूष होता, ६०० रुपये घेतले. पण काम मनापासून केलं. पहिला नमुना शुभ्र पांढरा आला, जुन्या पात्यांशेजारी डोळ्यांत खुपायचा. मग त्यानंच पांढऱ्या शाईत पिवळ्याची एक काडी आणि काळ्याचा अगदी ठिपका घोटला, वाळल्यावर जुनं पातं शेजारी धरून पाहिलं, पुन्हा थोडा पिवळा घातला. आता हातभर अंतरावरून कोणतं नवं ते मलाही ओळखू येत नाही.

१० मार्च

सर्किटचा पहिला जोड. ईएसपी३२ बोर्ड (ज्यात कोड चालतो तो वाय-फायचा छोटा कंट्रोलर), डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल, दिशा बदलायला एल२९८एन ड्रायव्हर, २४ व्होल्ट १ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर आणि त्यातून ५ व्होल्ट काढायला एलएम२५९६. बहुतेक सामान गोलाणी मार्केटमध्ये मिळालं, उरलेलं कुरिअरनं मागवलं.

डीएस३२३१ घ्या, डीएस१३०७ नको. डीएस३२३१ तापमान पाहून स्वतःला दुरुस्त करतं आणि ० ते ४० अंशांत त्याची चूक २ पीपीएमच्या (दहा लाखांत दोन) आत राहते, म्हणजे वर्षाला फार तर मिनिटभर. इंटरनेट असेल तेव्हा ईएसपी३२ त्याला एनटीपीवरून (इंटरनेटवर अचूक वेळ देणारी सेवा) वेळ दाखवतं, त्यात १९,८०० सेकंद मिळवले की आपली भारतीय वेळ. नेट हवंच असं नाही. आमच्याकडे वीज जाते तेव्हा नेटही जातं, म्हणून घड्याळाचा भार मॉड्यूलवरच ठेवला.

या मॉड्यूलवर एक धोका आहे. त्यावर बॅटरी चार्ज करणारा भाग असतो, तो रिचार्जेबल सेलसाठी केलेला आहे. मॉड्यूलला ५ व्होल्ट देऊन साधा सीआर२०३२ सेल टाकला तर तो साध्या सेललाही चार्ज करू पाहतो आणि सेल फुगतो. २०१ लिहिलेला बारीक रेझिस्टर सोल्डरिंग आयर्ननं काढून टाका. मी मॉड्यूल ३.३ व्होल्टवर चालवतोय, तरी काढला.

पहिल्याच संध्याकाळी नवीन त्रास. पल्स संपली की मधूनमधून ईएसपी३२ रीसेट व्हायचं. कॉइलचा करंट आणि बोर्डाचा ग्राउंड एकाच बारीक तारेतून जात होता. ग्राउंडच्या तारा वेगवेगळ्या काढून अ‍ॅडॉप्टरच्या टोकाशी एकत्र केल्या, ड्रायव्हरपाशी ४७० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड असे दोन कपॅसिटर लावले. रीसेट थांबले.

१७ मार्च

आठवडाभर चालवून पाहिलं. घड्याळ मागे पडतं. पण कसं मागे पडतं ते लिहून ठेवत गेलो आणि तिथेच उत्तर मिळालं: २ मिनिटं, मग ४, मग ६. कधीच १ किंवा ३ नाही.

असं का? समजा प्लस पल्सनं ५८ आलं आणि मग ५९ साठीची मायनस पल्स दिली, पण पातं पडलं नाही. पुढची पल्स प्लस. रोटर आधीच प्लसच्या बाजूला आहे, म्हणून हीसुद्धा वाया जाते. तिसरी पल्स मायनस, ती लागू पडते. म्हणजे एक पल्स चुकली की किंमत दोन मिनिटांची. तेव्हा खूण अशी: घड्याळ सम मिनिटांनी मागे पडत असेल तर पातं अडतंय किंवा व्होल्टेज कमी पडतंय, कोडमध्ये शोधत बसू नका. विषम मिनिटांनी मागे असेल तर हातानं वेळ लावताना दिशेचा ताळमेळ सुटलाय.

बहुतेक वेळा चूक ५९ वरून ०० वर जाताना होते. स्वाभाविक आहे, त्या क्षणी तासांचंही पातं ढकलायचं असतं, सगळ्यात जास्त जोर तेव्हाच लागतो.

२४ मार्च

पल्स चालू असताना मोजलं. अ‍ॅडॉप्टरवर २३.४ व्होल्ट, कॉइलवर २१.८. एल२९८एन जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरचा आहे, तो आपला वाटा खातो. त्याच्या जागी डीआरव्ही८८७१ लावला, २५० रुपये. हा मॉसफेटचा, म्हणजे फार कमी व्होल्टेज खाणाऱ्या ट्रान्झिस्टरचा आहे, कॉइलवर आता २३.३ मिळतात. ईएसपी३२चे ३.३ व्होल्ट त्याला थेट चालतात. दोन्ही इनपुट शून्यावर ठेवले की तो आपोआप झोपतो, कॉइलमध्ये करंट राहत नाही.

चुका कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. मग तासांना ढकलणारा दांडा काढला. ज्या कॅमवर (फिरणाऱ्या उंचसखल चकतीवर) तो घसरतो त्यावरचं ग्रीस सुकून मेणासारखं कडक झालं होतं. खरवडून काढलं, नवं पातळ ग्रीस दिलं. तेव्हापासून ५९ वरून ०० वर एकदाही अडलेलं नाही. दोन्ही बदल एकाच दिवशी केले नाहीत, नाहीतर कशाचा किती फरक पडला ते कळलंच नसतं.

पल्सची लांबीही आजच ठरवली. १०० मिलिसेकंदाला पातं अर्धवट उचलून परत येतं. ३०० ला चालतं, पण ०० ला दगा देतं. १ सेकंदाची पल्स आणि नंतर १ सेकंद विश्रांती अशी ठेवली. मोठ्या पात्याला टेकून शांत व्हायला तेवढा वेळ लागतोच.

६ एप्रिल

आता या कामाचा गाभा. वेळ किती झाली हे ईएसपी३२ला नेहमी कळतं. पात्यांवर काय दिसतंय हे मात्र त्याला दिसत नाही. वीज गेली, तासाभरानं आली. आता किती पल्स द्यायच्या? त्यासाठी शेवटचं मिनिट कुठेतरी लिहून ठेवावं लागतं, आणि तेही वीज गेली तरी टिकेल असं.

दिवसाला १,४४० वेळा लिहायचं. साधारण फ्लॅश मेमरीच्या एकाच जागी लिहीत राहिलं आणि ती जागा १ लाख वेळा टिकते असं धरलं, तर सत्तरेक दिवसांत संपली. सुदैवानं डीएस३२३१च्या मॉड्यूलवरच एटी२४सी३२ ही ४,०९६ बाइटची मेमरी असते, ती १० लाख वेळा लिहिता येते. तिचे ४ बाइटचे १,०२४ कप्पे केले. प्रत्येक कप्प्यात एक अनुक्रमांक आणि दिवसाचं मिनिट, आणि दर मिनिटाला पुढचा कप्पा. एका कप्प्याची पाळी दिवसातून एकदा-दीडदा येते. ही चिप आता कधी झिजायची नाही. सगळे कप्पे कोरे करून रात्री आठला हा कारभार सुरू केला.

एक प्रश्न बरेच दिवस छळत होता. पल्स देता देताच वीज गेली तर? पातं पडलं की नाही कसं कळणार? उत्तर त्या मोटरमध्येच होतं. मिनिटांची पाती ६०, सम संख्या. म्हणजे सम मिनिटाला नेहमी प्लस आणि विषम मिनिटाला नेहमी मायनस, हे कधीच बदलत नाही. दिशा वेगळी लक्षात ठेवायची गरजच नाही. आणि वीज परत आल्यावर शेवटची पल्स सरळ पुन्हा द्यायची. पातं आधीच पडलं असेल तर त्या दिशेची पल्स वाया जाईल, काही बिघडणार नाही. पडलं नसेल तर आता पडेल. कोणताही सेन्सर नको, कोणतीही अट नको.

हे सुचलं तेव्हा रात्री उशिरापर्यंत पल्सच्या मधोमध स्विच बंद करून पाहत बसलो. एकदाही चुकलं नाही. ज्यांनी ही मोटर बनवली त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

उलटं जाता येत नाही, हेही कोडमध्ये धरावं लागतं. घड्याळ ५ मिनिटं पुढे असेल तर त्याला फिरवून आणायला १,४३५ पल्स, म्हणजे पाऊण तासाच्या वर. त्यापेक्षा ५ मिनिटं गप्प थांबणं चांगलं. माझ्याकडे अट अशी आहे: तासाभरापर्यंत पुढे असेल तर थांब, त्याहून जास्त असेल तर पळ.

२० एप्रिल

मेमरी असली तरी एखादं पातं कधीतरी अडणारच. म्हणून मिनिटांच्या ड्रमवर ०० ओळखायला सेन्सर बसवला. ए३१४४ हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळ आला की कळवणारा, २५ रुपये. त्याला किमान ४.५ व्होल्ट लागतात, ३.३वर कधी चालतो कधी नाही. म्हणून त्याला ५ व्होल्ट दिले आणि आउटपुट ३.३ व्होल्टला रेझिस्टरनं जोडलं (पुल-अप). त्याचं आउटपुट ओपन कलेक्टर आहे, म्हणजे ते स्वतः व्होल्टेज देत नाही, फक्त ग्राउंडला जोडतं, म्हणून हे चालतं. तो चुंबकाच्या एकाच ध्रुवाला ओळखतो. चिकटवण्याआधी चुंबक दोन्ही बाजूंनी धरून पाहा, वाळल्यावर काढताना चकती तडकू शकते.

५ मिलिमीटरचा चुंबक चौकटीला घासत होता, ३ मिलिमीटरचा बरोबर बसला.

कोड सोपा आहे. ०० व्हायला हवं आणि सेन्सर गप्प असेल, तर दोन-दोन पल्स देत जा, जोवर तो बोलत नाही. एकेक नाही, दोन-दोन. कारण १७ मार्चच्या नोंदीत आहे.

१२ मे

दुपारी ४५ अंश. घड्याळ हॉलच्या भिंतीवर लावलं होतं, तिथे चारनंतर खिडकीतून ऊन येतं. काळी पेटी, समोर काच. आज ३७ वर घड्याळ अडकलं. काढून पाहिलं तर माझी दोन्ही नवी पीव्हीसीची पाती कडेनं वळली होती, ३७चं पुढच्या पात्याला टेकलेलं. जुनी सगळी सरळ.

स्क्रीन प्रिंटरकडे गेलो. त्यानं पीव्हीसी बाजूला ठेवलं आणि पॉलिकार्बोनेटची शीट दाखवली. कंट्रोल पॅनलवरच्या बटणांचे स्टिकर तो याच्यावर छापतो, मोटर स्टार्टरच्या पेट्यांवर ते उन्हात वर्षानुवर्षं राहतात. ०.३८ मिलिमीटर, जुन्या पात्यापेक्षा किंचित जाड, पण भोकात बसतं. स्क्रीन तयारच होता, ४०० रुपयांत दोन्ही झाली. खानदेशात राहणाऱ्यांनी पीव्हीसीच्या वाटेला जाऊच नये. घड्याळ मी समोरच्या भिंतीवर हलवलं.

२३ मे

काल संध्याकाळी सातला वीज गेली, साडेसातला आली. घड्याळ पळायला लागलं आणि थांबेचना. शेवटी आठला सात कमी असताना थांबलं, आणि दाखवत होतं ०६:५३.

हिशोब मांडला. सर्किटच्या समजुतीप्रमाणे पळायला लागताना पात्यांवर ०८:१६ होते. प्रत्यक्षात १९:०० होते. म्हणजे मेमरीतून सकाळची सव्वाआठची नोंद उचलली गेली. काल सकाळी सव्वाआठला काय झालं होतं?

अनुक्रमांक १६ बिटचा आहे, ६५,५३५ नंतर पुन्हा शून्य. दर मिनिटाला एक, म्हणजे ४५ दिवस आणि सव्वाबारा तास. ६ एप्रिलच्या रात्री आठपासून मोजा, बरोबर २२ मेची सकाळ येते. सुरू होताना कोड सगळ्यात मोठा अनुक्रमांक शोधत होता, आणि तो सकाळी सव्वाआठचाच राहिला होता. गंमत अशी की १,०२४ मिनिटांत, म्हणजे सतरा तासांत, तो कप्पा नव्या नोंदीनं झाकला गेला असता आणि दोष पुन्हा ४५ दिवस लपून राहिला असता. वीज नेमकी त्या सतरा तासांत गेली म्हणून सापडला.

दुरुस्ती: मोठा आकडा शोधायचा नाही. ज्या कप्प्यानंतरचा अनुक्रमांक एकानं वाढत नाही, तो शेवटचा. शून्यावर गेलं तरी हे बरोबर चालतं. तपासायला अनुक्रमांक ६५,५२० पासून सुरू करून, तो शून्य ओलांडत असताना पुन्हा पुन्हा वीज काढून पाहिली.

मिनिटांच्या सेन्सरला तासांची चूक कळणं शक्य नव्हतं. तासांच्या ड्रमवरही ०० ला एक चुंबक आणि सेन्सर बसवला.

८ जून

काल रात्री वादळ आलं. रावेर-यावलकडे केळीचं फार नुकसान झालं असं सकाळपासून ऐकतोय, त्यापुढे हे घड्याळ म्हणजे काहीच नाही. पण नोंद करतो, कारण एवढा मोठा खंड पहिल्यांदाच पडला. रात्री ९:४० ला वीज गेली, पहाटे ४:५५ ला आली. ४३५ मिनिटं मागे. पंधरा मिनिटांत घड्याळ बरोबर वेळेवर येऊन थांबलं, दोन्ही सेन्सरची साक्ष जुळली.

पण पहाटे पाचला पात्यांचा तो आवाज सलग पंधरा मिनिटं चालला आणि घरातले सगळे उठले. आईला आधी पत्र्यावर गारा पडताहेत असं वाटलं. आता रात्री ११ ते सकाळी ६ या वेळात वीज आली तर घड्याळ आहे तिथेच थांबतं आणि सहाला पळतं. दर मिनिटाची नेहमीची पल्सही तोवर बंद, नाहीतर चुकीची वेळ दाखवत एकेक मिनिट सरकत राहील.

२२ जून

खर्च, ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी. घड्याळ १,८००. ईएसपी३२ ४५०, डीएस३२३१ मॉड्यूल १८०, डीआरव्ही८८७१ २५०, अ‍ॅडॉप्टर ३५०, एलएम२५९६ ८०, दोन हॉल सेन्सर ५०, चुंबक ६०, नवी काच १५०, तारा-कनेक्टर वगैरे २००. छपाई दोन्ही वेळची मिळून १,०००. वाया गेलेला एल२९८एन १५०. एकूण ४,७२० रुपये. सुरुवातीलाच मॉसफेटचा ड्रायव्हर आणि पॉलिकार्बोनेट घेतलं तर यातले ५५० वाचतील.

पिना अशा: ड्रायव्हरला २५ आणि २६, डीएस३२३१ला २१ आणि २२, सेन्सरला ३२ आणि ३३. ड्रायव्हरला ५, १४, १५ देऊ नका, बोर्ड सुरू होताना त्या क्षणभर हलतात आणि तेवढ्यानं कॉइलला झटका बसतो.

आबांनी काल येऊन मनगटावरचं घड्याळ लावून घेतलं आणि विचारलं, याच तारेवर अजून एक घड्याळ चालेल का. चालेल. याच प्रकारचं असलं तर टर्मिनलला समांतर जोडायचं, दोन्हींची मिनिटं आधी सम किंवा दोन्हींची विषम करून घ्यायची. करंट दुप्पट होऊन २०० मिलीअँपिअर, तेवढा या ड्रायव्हरला आणि अ‍ॅडॉप्टरला सहज झेपतो. धुळ्याच्या त्याच माणसाला सांगून ठेवलं आहे की त्या गिरणीतलं आणखी एखादं आलं तर कॉइल कापायच्या आधी मला फोन कर.

तासांच्या ०८च्या कोपऱ्यावरची शाई मी अल्कोहोलनं उडवली होती, ते पातं तेवढं बाकी आहे. प्रिंटर पुढच्या पॉलिकार्बोनेटच्या लॉटबरोबर छापून देणार आहे.